वहिनीची मुलगी

हां, तर काल कुलपापाशी थांबलो होतो. धुलाईखान्यात चादरी धुणारी आमची शेजारीण, जिला मीही सगळ्यांसारखं वहिनीच म्हणतो, ती कामावर जाताना पोरीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. हौस नव्हती तिला. नवरा सोडून गेलेला. सासूबाई होत्या तोवर नातीला सांभाळत. त्या गेल्या आणि सात वर्षांची पोर एकटी पडली.

कोणीतरी तक्रार केली. बालकल्याण कार्यालयातल्या मॅडम आल्या, वयाने माझ्या नातीएवढ्या. वहिनीला निरोप धाडला. ती येईपर्यंत मॅडमनी खिडकीतूनच विचारलं, "बाळा, आई कुठे आहे?"

"आई वारली. उन्हाळ्यात."

"मग सांभाळतं कोण?"

"वहिनी."

आता पोरीचं काय चुकलं? एकत्र कुटुंबात जन्मलेली. बाप आजीला आई म्हणायचा, काका हिच्या आईला वहिनी म्हणायचे. कानावर पडलं तेच तिने उचललं. मी स्वतः माझ्या आईला काकी म्हणायचो. शाळेत मास्तरांनी आईचं नाव विचारलं, 'काकी' सांगून छडी खाल्ली. हे मी मॅडमना सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "आजोबा, गोष्टी नंतर."

फॉर्मवर लिहिलं गेलं: आई मृत, मूल भावाच्या बायकोकडे. तो भाऊ अजून जन्मालाच आलेला नव्हता, पण फॉर्मवर त्याचं लग्नही झालं.

वहिनी ओल्या हातांनी धावत आली. "अहो, मी जन्म दिलाय हिला."

"दाखला दाखवा."

दाखला सासरी, आणि सासूबाई गेल्यावर दिरांनी सासरचं दार तिला बंद केलेलं. पोर बालगृहात गेली. नक्कल मिळायला चार महिने लागले. दर रविवारी वहिनी भेटून यायची आणि आल्यावर धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसायची. पोरीला तिथे कोणीतरी बजावलं होतं, वहिनी म्हणालीस तर घरी सोडणार नाहीत.

सोडायच्या दिवशी मी सोबत गेलो. मॅडमनी पोरीला विचारलं, "या कोण?"

पोर पाढा म्हणावा तशी म्हणाली, "आई."

मॅडमचा चेहरा खुलला. "बघा, किती छान म्हणते आता. बरं वाटलं ना?"

वहिनीने पोरीची पिशवी खांद्याला अडकवली.

"वाटलं, मॅडम. फक्त ती आई म्हणाली की मी मागे वळून बघते, सासूबाई आल्या का म्हणून. आणि मला वहिनी म्हणणारं आता घरात कोणी राहिलं नाही."