दुखण्याला ठेवलेली माया

टेलरकाकूंचं अंग सहा वर्षं दुखत होतं आणि सहा वर्षं सगळे रिपोर्ट नॉर्मल येत होते. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे खरं तर आनंदाची गोष्ट, पण काकूंनी त्याची धास्तीच घेतली होती. रिपोर्ट आला की जाऊबाई म्हणणार, "मनाचं असतं हो ते." मनाचं म्हणे! इकडे खांदे भरून यायचे, कात्री धरवत नव्हती, आणि नवरा दुकान विकायच्या गोष्टी करू लागला होता.

मग एका नव्या डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं, फायब्रोमायल्जिया. नाव ऐकून नवरा घाबरला, काकू मात्र खूश. नाव आहे म्हणजे दुखणं खरं!

"स्नायू सैल करणारी गोळी आठ आठवडे घेऊन बघू," बाई म्हणाल्या. "दुखण्याला रोज दहापैकी आकडा द्यायचा, वहीत लिहून ठेवायचा. फरक नसेल तर गोळी बंद."

पहिल्या आठवड्यात काकूंना अशी पेंग यायची, की एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. पण महिन्याभरात हात मोकळा झाला. काकू गुणगुणत कोट बेतू लागल्या, आणि नवऱ्याने दुकानाचा विषय सोडला.

आठ आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. आधी सात, आता सहा.

"फारसा फरक नाही, काकू. बंद करू या गोळी."

काकू खुर्चीतून पुढे सरकल्या. "अहो, फरक आहे की! ते आकडे मायेसकट आहेत."

"मायेसकट?"

"शिवणीत जास्तीचं कापड सोडतो ना आम्ही, ती माया. खरं दुखणं तीन, वर तीन माया."

"आणि आधीचा सात?"

"तो अगदी अंगाबरोबरचा."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "पण माया कशाला ठेवलीत?"

काकूंचा आवाज खाली आला. "कमी सांगितलं की लोक म्हणतात, बघा, काही नव्हतंच हिला. फार लागतं हो ते मनाला."

बाईंनी पेन उघडलं. "मग आज खरं किती?"

"तीन," काकू म्हणाल्या, आणि सवयीने खांदा कुठे दुखतो ते दाबून पटवून द्यायला लागल्या. तोवर बाईंनी 'तीन' लिहून खाली 'गोळी चालू' असं लिहिलंही होतं.