पाखरं दिसली की सुकाणू वळवायचं

आश्विनात समुद्र निवळला की दाजीची लाँच पूर्णगडच्या खाडीतून पक्षी बघणारी माणसं घेऊन बाहेर पडते. किनारा दिसेनासा होऊन पाणी काळसर निळं झालं की दाजी इंजिन मंद करतो. पक्षी ओळखायचं काम योगिनीचं. ती रत्नागिरीला कॉलेजात शिकवते. ती हात करील तिकडे दाजीने सुकाणू वळवायचं. निम्म्या लोकांना बोट लागलेली असते, पण पाखरू दिसलं की तेही उठून दुर्बिणी लावतात.

दाजी मूळचा मासेमारीवाला. धाकटा भाऊ रामा बरोबर असायचा. दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी वारा एकाएकी उठला, जाळ्याचा दोर रामाच्या पायात अडकला आणि तो पाण्यात गेला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. बंदरातल्या सगळ्या होड्या शोधायला निघाल्या. पाखरं जिथे घोळक्याने बसतात तिथे काहीतरी तरंगत असतं, असं जुनी माणसं सांगत. दाजी दिसेल त्या घोळक्यामागे गेला. कुठे डिझेलचा रिकामा कॅन निघाला, कुठे मेलेलं कासव. रामा मिळाला नाही.

दाजीने जाळी विकली. पुढे योगिनीने लाँच भाड्याने मागितली तेव्हा तो हो म्हणाला. फार विचार केला नाही. रामाची बायको मथुरा त्याच्याच घरी राहते. सफरीच्या दिवशी पहाटे उठून ती लोकांसाठी घावणे करून देते. लाँच कुठे गेली, काय दिसलं, हे तिने कधी विचारलं नाही.

गेल्या आश्विनात भर समुद्रात योगिनी ओरडली, “ते बघा, कशावर तरी बसलेत! दाजी, जवळ घ्या.”

लांब पाण्यात काहीतरी काळं, अर्धं बुडालेलं, लाटेबरोबर वरखाली होत होतं. लाँचच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा असलेला म्हातारा खलाशी दादू मागे वळून दाजीकडे बघत राहिला. दाजीने सुकाणू वळवलं. आपल्याला काहीच कसं होत नाही, एवढंच त्याच्या मनात आलं.

माडाचं खोड होतं. त्यावर काळ्या पाठीची, पांढऱ्या पोटाची पाखरं ओळीने बसली होती. लोकांनी भराभर फोटो काढले, कुणी टाळ्याही वाजवल्या.

जेटीवर माणसं उतरून गेल्यावर दादू योगिनीशी हळू आवाजात काही बोलला. ती दाजीपाशी आली.

“मला माहीत नव्हतं हो.”

“तुमचं काय चुकलं? ती पाखरं कुठली?”

“सुरय. समुद्रातले.”

“मेलेलं खातात?”

“नाही. लहान मासे खातात, जिवंत. दमले की तरंगत्या वस्तूवर नुसते बसतात.” मग योगिनी म्हणाली, “कुरव पक्षी मात्र मेलेलंही खातात.”

दाजीने मान हलवली. रामाला शोधताना घोळक्यात सुरय होते की कुरव, ते त्याला आठवेना. त्या दिवसांत त्याने पाखरांकडे पाहिलंच नव्हतं, त्यांच्या खाली काय आहे तेवढंच पाहिलं होतं.

घरी मथुरा भात वाढत होती. “ती पाखरं मेलेलं खात नायत,” दाजी म्हणाला. कुरवांचं बोलला नाही.

“कोण म्हनलं?”

“ती बाई.”

मथुराने आमटी वाढली. मग ती म्हणाली, “भावजी, गुरुजींना बोलवा. पुतळ्याचं करून टाकूया.”

देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. गुरुजींनी ते अनेकदा सांगून पाहिलं होतं. दर वेळी मथुरा उठून आत जायची.

मार्गशीर्षात खाडीकाठी विधी झाला. पुतळा केवढा लहान, असं दाजीच्या मनात आलं. रडू येईल म्हणून तो वाट बघत राहिला. आलं नाही. पायाखालची वाळू तापत होती आणि त्याला भूक लागली होती.

मथुरा मात्र रडली. दादूच्या बायकोने तिला धरलं होतं. दाजी थोडा बाजूला, ऊन तिच्यावर येऊ नये असा उभा राहिला.