भुजंग सरांचं साल

बोरीच्या सिताराम ढगे यांना फुटबॉलमधलं सगळं कळतं असं नाही. ऑफसाइड नावाची भानगड त्यांना सात वर्षांत पटलेली नाही. पुढं जाऊन उभं राहिलेल्याला शिक्षा कसली, असं ते आजही विचारतात. पण गावाच्या संघाची एकही मॅच त्यांनी चुकवलेली नाही.

किशनरावांच्या शेतावर त्यांनी अडतीस वर्षं सालगडी म्हणून काम केलं. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला भरायचं, आणि सिताराम पुन्हा तिथंच. गुडघे गेले तेव्हा मोकळे झाले. बायको त्याच वर्षी वारली. मुलगा-सून दिवसभर शेतावर, रिकामं घर खायला उठलं. त्याच सुमारास भुजंग वाकळे नावाचा पोरसवदा मास्तर शाळेमागच्या पडीक जागेवर पंधरा पोरांना चेंडूमागं पळवू लागला. सिताराम बघायला गेले आणि तिथलेच झाले. सकाळी मैदानावरची गुरं हाकलायची, काटे-काचा वेचायच्या आणि सराव संपेपर्यंत लिंबाखाली बसायचं, हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

भुजंग परभणीचा. शाळेत तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवेल तेवढ्या तासांचा पगार. फुटबॉल त्यानं हौसेनं चालवला आणि सात वर्षांत बोरीचा संघ जिल्ह्याच्या फायनलला नेला. फायनल यंदा पाडव्यानंतर पाचव्या दिवशी होती. तो कप गावच्या चावडीत ठेवलेला एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच सितारामांची इच्छा राहिली होती. दुसरी कसली हौस त्यांनी आयुष्यात केलीच नव्हती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बातमी आली. पाथरीकडच्या एका बड्या क्लबानं भुजंगला बोलावलं होतं. पक्की नोकरी, राहायला घर, हिरवळीचं मैदान. अट एकच, पाडव्यालाच हजर व्हायचं. आणि फायनलला बोरीसमोर हाच क्लब होता.

गावाचा तिळपापड झाला. ज्या पोरांनी आठवड्यापूर्वी सरांचा भला मोठा फ्लेक्स लावला होता, त्यांनीच तो उतरवला. फ्लेक्स चांगला जाड होता, म्हणून किशनरावांचा नातू महारुद्र तो ट्रॅक्टर झाकायला घेऊन गेला. महारुद्र म्हणजे संघाच्या पाठीराख्यांचा म्होरक्या. संध्याकाळी तो सितारामांच्या दारात आला.

"काका, सर कुणाचंच आयकंना झालेत. तुमचं आयकतील. तुमी फक्त थांबा म्हणा."

सितारामांना वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांनाही राग आला होता, चांगला सणसणीत. पाच दिवस थांबला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

पाडव्याच्या सकाळी ते भुजंगच्या खोलीवर गेले. बॅग भरून झाली होती. संघाचे चेंडू त्यानं जाळीत बांधून दारामागं ठेवले होते, गावासाठी. सितारामांना बघून तो खालीच बसला.

"काका, तुम्ही थांब म्हणालात तर थांबतो. नोकरी गेली तर जाऊ दे. आत्ता फोन करतो."

एक शब्द बोलायचा होता. कप जवळपास चावडीत आला होता.

चाळीस वर्षांपूर्वी अशाच एका पाडव्याला सितारामांना पाथरीच्या एका धन्याचं बोलावणं आलं होतं. कालव्याखालची जमीन, बारमाही पाणी, राहायला पक्की खोली. बायकोनं भांडी बांधून ठेवली होती. तेव्हा किशनराव दारात आले आणि म्हणाले, "सिताराम, थांब." माणूस वाईट नव्हता, मायेनंच म्हणाला. बायकोनं भांडी सोडली. त्यावरून ती कधी भांडली नाही. फक्त पाडवा आला की भाकरी थापताना विचारायची, "पाथरीला आता ऊस केवढा झाला असंल हो?" सितारामांना ते ठाऊक नसायचं.

"सर," ते भुजंगला म्हणाले, "पाडव्याला साल भरतंय. साल भरल्यावर माणसाला कुणी अडवू नाई. जावा तुमी. पण उपाशी जाऊ नगा, घरी पोळी खाऊन जावा."

सुनेनं, शिवकन्येनं, त्याला पुरणपोळी वाढली. भुजंग खाली मान घालून जेवला आणि दहाच्या एसटीनं गेला.

त्यानंतर गावात सितारामांशी कुणी धड बोललं नाही. फायनलला जाणाऱ्या टेंपोत त्यांच्यासाठी जागा नव्हती, म्हणजे महारुद्रनं तसं सांगितलं. ते एसटीनं गेले. बोरी दोन-एकनं हरली. हरणारच होती. पोरांची प्रत्येक चाल समोरच्या बाकावर बसलेल्या माणसानंच शिकवलेली होती. बोरीची माणसं त्याच्या नावानं शिमगा करत राहिली, तो उठून उभाही राहिला नाही.

मॅच संपल्यावर भुजंग कप सोडून सरळ सितारामांकडं आला आणि पाया पडला. सितारामांनी पाच दिवस मनात बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही.

"जेवणाचे हाल न्हाईत ना तिथं?"

"नाहीत, काका."

"पानी?"

"भरपूर. कालवा जवळच आहे."

मग सिताराम म्हणाले, "तिकडं आता ऊस केवढा झाला हो?"

भुजंगला काही उमजेना. तरी त्यानं नीट सांगितलं, "मैदानाच्या पलीकडं सगळा ऊसच आहे. आत माणूस शिरला तर दिसत नाही, एवढा."

"एवढा?"

"हो."

सितारामांनी मान डोलावली आणि तिथंच मैदानाच्या कडेला बसून सगळ्यांदेखत रडले. कप हातचा गेला म्हणून म्हातारा रडला, असं महारुद्रनं गावभर सांगितलं.