वॉर्ड नंबर तीनचे नारळ

रफिकभाईच्या फळांच्या दुकानामागे केळीच्या घडांचे रिकामे दांडे पडलेले असतात. आज टाकू, उद्या टाकू म्हणता म्हणता ढीग होतो. त्या दुकानापुढच्या बाकावर आम्ही रोज बसतो, आणि आमचे निवडणुकीचे किस्से तसेच साठले आहेत. ते मी सांगावेत की नाही याची शंका वाटते, कारण जवळजवळ प्रत्येकात चूक माझी आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, उमापूरच्या अलीकडे. मी पॉलिटिकल सायन्सचा प्रोफेसर होतो. अमेरिकेतल्या एका छोट्या गावात लोक मत कसं देतात, यावर माझी पीएच.डी. आहे. रिटायर होऊन परतलो तेव्हा निवृत्तीअण्णा वॉर्ड तीनमधून ग्रामपंचायतीला उभे होते. याआधी दोनदा पडलेले.

"सर, औंदा पडलो तर पुन्हा फॉर्म भरायचा न्हाई, अशी घरातून तंबी हाय," ते म्हणाले. "तुमी अमेरिकेची मतं मोजली. आमचा एक वॉर्ड मोजा."

मी हो म्हणालो. तिथेच चुकलं असावं.

* * *

तिकडे अमेरिकेत लोक आपल्या उमेदवाराच्या नावाची पाटी अंगणात लावतात, असं मी सहज बोलून गेलो. आठवड्यात अण्णांनी पाट्या छापून आणल्या. त्यांच्या विरोधातल्या बप्पांनीही आणल्या. मी वही घेऊन मोजायला निघालो, तर प्रत्येक अंगणात दोन्ही पाट्या!

गोदाकाकूंनी अण्णांची पाटी खुराड्यावर छप्पर म्हणून टाकली होती आणि बप्पांची दार म्हणून लावली होती. मी विचारलं, "काकू, नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"कोंबड्यांच्या," काकू म्हणाल्या.

* * *

मग मी शास्त्रीय पद्धतीने सर्व्हे केला. फॉर्मवर नाव नाही, उत्तर गुप्त. घरोघर फिरलो. सगळे अण्णांचे! अण्णांनी बाकावर जिलेबी वाटली.

दुसऱ्या दिवशी बप्पा आले. माझाही सर्व्हे करा म्हणाले. अभ्यासकाने निःपक्षपाती असावं, म्हणून तीच घरं पुन्हा फिरलो. सगळे बप्पांचे!

जेवण जाईना. माझा प्रबंधही असाच चुकला असेल का, या विचाराने मी हैराण झालो. शेवटी रफिकभाईने माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. पहिल्या दिवशी लोकांनी फॉर्म भरले तो पेन अण्णांच्या प्रचाराचा होता. त्यावर अण्णांचा फोटो. दुसऱ्या दिवशीचा पेन बप्पांनी दिलेला.

"सर," रफिकभाई म्हणाला, "ज्याचा पेन हातात, त्याच्याच फोटोसमोर न्हाई कोण म्हणंल?"

* * *

वॉर्डातली बरीच माणसं ऊसतोडीला लांब गेली होती. मतदानाआधी उमेदवाराने गाडी पाठवून त्यांना आणायचं, ही आमच्याकडची रीत. अण्णांची जीप गेली आणि गच्च भरून आली. सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. मग मी मतदारयादी काढली, तर एकाचंही नाव सापडेना.

ती सगळी आमच्याच जिल्ह्यातली, पण दुसऱ्या टोकाची, आष्टीकडची माणसं होती. ड्रायव्हरने फडात जाऊन "बीडवाले, चला मतदानाला" अशी हाक मारली आणि जे आधी बसले त्यांना घेऊन आला.

त्यांच्यातला एक म्हातारा हात धुता धुता अण्णांना म्हणाला, "जेवण लई झ्याक होतं. आमच्या गावचं मतदान पुढल्या महिन्यात हाय. येताल ना न्यायला?"

अण्णा म्हणाले, "येतो." आणि पुढच्या महिन्यात खरंच जीप पाठवली. दिलेला शब्द मोडणं त्यांना जमत नाही.

* * *

शेवटच्या दोन दिवसांत बप्पांनी भंडाऱ्याचं, म्हणजे देवाच्या हळदीचं, ताट बाहेर काढलं. भंडारा उचलून शब्द दिला की तो पाळावा लागतो. मोडायचाच असेल, तर आधी देवळात नारळ फोडून देवाची माफी मागायची. बप्पांनी वॉर्डातलं एकही दार सोडलं नाही, आणि मत बप्पांनाच असं म्हणत भंडारा सगळ्यांनी उचलला.

देवळासमोर नारळ फक्त रफिकभाईकडे मिळतात. मतदानाच्या सकाळी बूथच्या आधी त्याच्याकडे रांग लागली. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो नारळ नेतोय, तो अण्णांना मत देतोय! दुपारपर्यंत मी यादीवर खुणा केल्या. अण्णा सोडून सगळ्यांचं मतदान झालं होतं, आणि नेणारे आणि न नेणारे अगदी बरोबरीत. त्यात अण्णांचं स्वतःचं मत मिळवलं की अण्णा एका मताने विजयी. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हिशोबाची खात्री वाटली.

अण्णा शेजारीच उभे होते. म्हणाले, "सर, तुमच्या त्या अमेरिकेतल्या गावात माणूस दिलेला शब्द मोडतो का?"

मी बेरीज पुन्हा तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "नाही अण्णा. लोकशाही त्यावरच तर उभी आहे."

अण्णांनी मान डोलावली आणि ते मत द्यायला गेले.

बप्पा एका मताने निवडून आले.

निकालानंतर तीन दिवस मी बाकावर वही उघडून बसलो. मी बेरीज चार वेळा केली. चौथ्या दिवशी रफिकभाईने हळूच विचारलं, "अण्णा, बप्पाचं ताट तुमच्या बी दारात आलतं का?"

"आलतं की," अण्णा केळ सोलत म्हणाले. "दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणावं? उचलला भंडारा."

"मग नारळ कावून न्हाई नेला?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी नेणारच होतो," ते म्हणाले. "पण आधी सरांना विचारलं."