खांद्यावरचा कापूस

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला धुळ्यातलं आमचं जुनं दार आठवतं. वडील सूतगिरणीत होते. पाळी सुटून घरी येत तेव्हा भुवयांपर्यंत कापसाने पांढरे झालेले असत, आणि आई त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करून फडक्याने झाडल्याशिवाय आत घेत नसे. मग गिरणी बंद पडली आणि फडकं खुंटीवरच राहिलं. चार वर्षांनी नवा मालक आला, उद्घाटन झालं, मशिनींची घरघर पांझरा नदीपलीकडे देवपुरात आमच्या घरापर्यंत पोचली. आईने फडकं धुऊन वाळवलं. संध्याकाळी वडील आले आणि सवयीने उंबऱ्याबाहेर थांबले. अंगाला तेलाचा वास होता, खांदे मात्र कोरडे, स्वच्छ. तरी आईने फडकं फिरवलं. "मशिनी बठ्ठ्या फिरन्यात," ते खाली बघत म्हणाले, "पन कापूस नव्हता." सगळ्या मशिनी रिकाम्याच फिरल्या होत्या; पाहुण्यांच्या गाड्या गेल्यावर थांबल्या, त्या कायमच्या. परवा शेजारचे भाऊ त्याच गिरणीच्या नव्या उद्घाटनाहून थेट पेढे घेऊन आले. पेढा उचलायच्या आधी मी त्यांच्या खांद्यांकडे पाहिलं.