कल्याणभाऊंचा फेटा

मंठ्याच्या कल्याणने शेतकीची पदविका घेऊन बरीच वर्षं झाली, पण नोकरी काही लागेना. नोकरी ओळखीने लागते आणि ओळखी लग्नात होतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळे आसपासचं एकही लग्न तो चुकवत नसे. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून तो आधी माइकवाल्या हरिओमला गाठायचा. मग पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले की हरिओम ओरडायचा, "मंठ्याचे युवा नेते कल्याणभाऊ यांनी स्टेजवर यावं!" कल्याण ऐटीत जाऊन फेटा बांधून घ्यायचा. नेता तो कशाचा, हे कुणी विचारत नसे. घरी फेट्यांचा ढीग साचला होता आणि बायको वंदना त्यांच्यावर पापड वाळवायची.

त्याचा सगळा डोळा देवानंद साहेबांवर होता. साहेब जालन्याच्या एका बियाणे कंपनीत मॅनेजर. त्यांनी मनावर घेतलं तर फिल्ड ऑफिसरची जागा कुठं गेली नव्हती. शहागडच्या लग्नात दोघांना एकदाची शेजारी शेजारी खुर्ची मिळाली. दोघांच्या डोक्याला फेटे. नवरदेव अजून मारुतीपाशीच अडला होता, पोरं नाचायची थांबत नव्हती, म्हणजे वेळ भरपूर. कल्याणने घसा खाकरला.

तेवढ्यात साहेबच त्याच्या कानाशी वाकले. "कल्याणराव, तुमचं वर लई वजन हाय म्हणतेत. आमचा मेव्हणा घरी बसून हाय. कुठं तरी चिकटवा ना त्याला."

"बघतो," एवढंच कल्याणच्या तोंडून निघालं. हसावं की रडावं, त्याला कळेना.

घरी हे ऐकून वंदना पोट धरून हसली. "तुम्ही फेटा काढून बोलले असते तर काय बिघडलं असतं?"

सोमवारी तो साध्या शर्टात कंपनीत गेला. "साहेब, मीच रिकामा हाय. काम न्हाई म्हणून तर लग्नालग्नांत फिरून राह्यलो."

साहेब आधी चपापले, मग खो खो हसले. "गावोगाव ओळखी हायेत तुमच्या, आम्हाला त्येच पाह्यजे. पण बियाण्याचा सीझन अन् लग्नसराई एकदमच येते. एकाही लग्नाला सुट्टी न्हाई. जमंल?"

"बिलकुल," कल्याण म्हणाला.

मे महिन्यात टेंभुर्णीच्या एका ओट्यावर तो शेतकऱ्यांना सोयाबीनचं बियाणं समजावून सांगत होता. शेजारच्या मांडवातून हरिओमचा आवाज आला, "कल्याणभाऊ जिथं असतील तिथून त्यांनी स्टेजवर यावं!" कल्याणचा हात डोक्याकडे गेला. डोक्यावर कंपनीची टोपी होती. जीव नुसता तळमळला.

हरिओमने पुन्हा पुकारा केला, तसा एक म्हातारा म्हणाला, "त्यो नेता आलाच न्हाई वाटतं."

"न्हाई यायचा आता," कल्याण पिशवी उघडत म्हणाला. "नोकरी लागली त्याला."