घासून काढलेलं सोनं

"सोनंच होतं हो ते! जावेनं बदललं, दुसरं काय?"

सोनारानं बांगडी उलटसुलट केली. "मावशी, कशानं घासलीत ही?"

"भांड्याच्या पावडरीनं. काथ्या घेऊन, चांगली खसाखसा."

"मग सोनं गेलं मोरीत. ही मुळातच चांदीची, वरून सोन्याचा मुलामा. हिला मऊ फडकं पुरतं. चांदी अस्सल आहे, मुलामा पुन्हा देता येईल."

पुढचं मावशीनं ऐकलंच नाही. खानावळीत भांडी घासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळे तिला लख्ख मावशी म्हणायचे. सासूच्या माघारी ही बांगडी धाकट्या जावेकडे होती. परवा जावेनं ती खानावळीत आणून दिली तशी मावशीनं तिथंच घासली आणि आतून चांदी दिसताच चार बायकांपुढं ओरडली, "सोनं गिळलंस गं!" जावेला तोंडसुद्धा उघडू दिलं नाही.

ती खानावळीत परतली तेव्हा जाऊ शेजारच्या नळावर ताटं विसळत होती. त्याच चार बायका होत्या. मावशीला मान वर करवेना.

"अगं, सोनं मीच घासून काढलं. तू नाही बदललंस."

"माहितीये. फडक्यानंच पूस म्हणून सासूबाईंनी बजावलं होतं. परवा तेच सांगत होते, पण घासायला बसलात की तुम्ही कुणाचं ऐकता, बाई?"

बायका फिसकन हसल्या. मावशीचे कान तापले. तिनं करपलेली कढई पुढ्यात ओढली आणि काथ्या उचलला. निदान कढईवर तरी कशाचा मुलामा नव्हता.